तोताराम शेगडी निवडतो

दुपारच्या जेवणानंतर झोप एकदम येत नाही. आधी कान जागे ठेवून डोळे नेते, मग हात नेते, आणि मधे कुठेतरी माणूस निम्मा इकडे, निम्मा तिकडे लटकतो. मी आत्ता तसा लटकलोय. ओट्यावर, आरामखुर्चीत. मांडीवर तीन शेगड्या आहेत. खऱ्या नव्हेत, कागदावरच्या. नात केतकीनं छापून दिल्यात. "आबा, तुम्ही आयुष्यभर भरीत पार्ट्या केल्यात. यातली कुठली घेऊ ते तुम्हीच सांगा. संध्याकाळी ऑर्डर टाकते."

केतकी आणि नातजावई निनादराव यांनी घरगाडी केलीय. ती मोटरहोम म्हणते. लांबलचक गाडी, आत पलंग, मोरी, कपाट, सगळं. पुढच्या महिन्यात दोघं थंडीत हिमाचलला निघणार. त्यासाठी गॅसवरची उचलून न्यायची शेगडी हवी, ग्रिल म्हणतात ती. वांगं भाजा, पनीर भाजा, काहीही भाजा. इथवर सगळं छान. पण सकाळी चहा पिताना ती सहज म्हणाली, "बाहेर फारच थंडी असली तर आतच पेटवू. काचा लावून घ्यायच्या. स्वयंपाक पण, ऊब पण."

मी बशी खाली ठेवली. मी म्हणालो, "आत नाही पेटवायची."

"का?"

आता इथे सरळ उत्तर द्यायचं. पण माझ्या जिभेला सरळ जायची सवय नाही. मी म्हणालो, "आमच्या ओळखीच्या एकानं आत पेटवली होती. गाडीत एवढी वाफ कोंडली की गाडी फुग्यासारखी वर गेली, ती थेट चोपड्याला एका केळीच्या बागेत उतरली. ड्रायव्हर म्हणाला, बरं झालं, डिझेल वाचलं."

केतकी पोट धरून हसली. निनादरावही हसले. आणि विषय संपला.

मला ओळखणाऱ्यांना हे नवीन नाही. यादव नारखेडे बोलतोय म्हणजे चाळणीनं चाळून ऐकायचं, हे आमच्या पंचक्रोशीत लहान मुलंही जाणतात. शहात्तर वर्षांत मी जे जे पाहिलं ते सगळं हातभर वाढवून सांगितलं. एकच गोष्ट कमी करून सांगितली. ती गोष्ट आता छातीवर बसलीय आणि डोळे मिटतायत.

मिटतात.

मी दुकानात आहे. मोठं दुकान, जळगावचं असावं, पण छताला पत्रे नाहीत, केळीची पानं आहेत. शेगड्या ओळीनं मांडल्यात. एका शेगडीशी उकिडवा बसून एक माणूस तिच्यावर बोटानं टिचकी मारतोय, कान लावतोय. बाजारात भरताचं वांगं निवडतात तसा. उचलतो, वजन घेतो, खाली ठेवतो.

"बियांची आहे," तो म्हणतो. "जड लागून राह्यली."

आवाजावरून कळतं. तोताराम. तोताराम वारके, माझा जोडीदार, शाळेपासूनचा. अडतिसाव्या वर्षी गेला. मीही तेव्हा अडतीसचा होतो. म्हणजे आज मी त्याच्या बरोबर दुप्पट आहे. तो मान वळवतो. केस काळेभोर, गाल गुलाबी. त्या सकाळीही गाल असेच होते. लोक म्हणाले होते, कसा तजेलदार दिसतोय, जणू आत्ता उठेल.

"अरे बापा," तो माझ्याकडे बघत म्हणतो, "यादव्या, तू त म्हातारा झाला भो! दात कुठी गेले?"

"बिबट्यानं नेले," मी म्हणतो. तोंडातून आपोआप निघतं.

तो हसत नाही. टिचकी मारायची थांबतो. कुठेतरी काच सरकल्याचा आवाज येतो, खर्रकन. दुकानाच्या डाव्या भिंतीला खिडकी आहे, ती लागलेली असते.

"ये बस," तोताराम म्हणतो. "पोरीसाठी घ्यायची ना? मग नीट पाहू."

मी त्याच्याशेजारी बसतो. गुडघे दुखत नाहीत, यावरून मला कळतं की मी झोपलोय. पण झोपलोय हे कळूनही उठता येत नाही.

पहिली शेगडी चिमुकली. एकच बर्नर, खाली डबीएवढा गॅसचा डबा खोचायचा. तोताराम तिच्यावर फुंकर घालतो. ज्योत लगेच आडवी होते, विझते.

"ही डोंगरात काय जळीन? वाऱ्यानं शिंक दिली तरी गेली. मंग पोरगी काय करीन?"

"काय करेल?"

"वारा नसीन तिथं नेईन. आत."

मी दुसरी पुढे ओढतो.

दुसरी मध्यम. दोन बर्नर, वर झाकण, तेल गळायला खाली ताटली. पाय नाहीत, टेबलावर ठेवायची. झाकण लावलं की चार वांगी एकदम, सगळीकडून सारखी भाजतील. मला आवडते. मी म्हणतो, "ही घेऊ. सुबक आहे. कपाटात मावते."

"टेबल कुठी आहे त्यांचं?"

मी कागद बघतो. कागद आता वांग्याच्या पानाचा झालाय, पण चित्र दिसतं. टेबल गाडीच्या आत आहे.

तिसरी शेगडी उंच, चार घडीच्या पायांची. रबरी नळी लांब, छोटी टाकी बाजूला उभी राहते. वाऱ्याला आडोसा म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रे. पाय उघडले की कमरेएवढी होते. गाडीच्या दारातून उभी नेता येणार नाही.

"ही," मी टाळी वाजवून म्हणतो. "ही बाहेरच पेटवावी लागेल! आत मावतच नाही. तोत्या, काम झालं. हिच्यावर खूण करतो, ती हीच मागवेल, आणि मला काही सांगावंच लागणार नाही."

तोताराम माझ्याकडे बघतो. त्याचे डोळे ओले नाहीत, रागावलेले नाहीत. भरीत कुटताना मीठ विसरलं की बघायचा तसे आहेत.

"हुशार आहे तू," तो म्हणतो. "अन् थंडी पडल्यावर? शेगडी बाहेर ठेवीन अन् तिच्यावरचे तापलेले दगड, कोळसे, काय सापडीन ते घमेल्यात भरून आत नेईन. मी नही का नेले? तुह्या गाडीत कुठी शेगडी होती?"

आम्ही शेतात आहोत. दुकान कधी गेलं ते कळत नाही. तापीकाठचं त्याचं शेत, पौषातली थंडी. तुरीच्या काड्यांचा जाळ नुकताच बसलाय. काळीकुट्ट वांगी राखेतून काढलीत, साल सोललीय, लाकडी बडगीत भरीत कुटून झालंय. कांद्याची पात, शेंगदाणे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. मंडळी जेवून सायकलींवरून घरी गेलीत. मी आणि तोताराम राहिलोय. बांधाला माझी मेटॅडोर उभी आहे. सकाळी केळीचे घड भरायचे म्हणून आम्ही मुक्कामाला थांबलो होतो. तो गाडीत झोपणार, मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत.

तो घमेल्यात निखारे भरतो. मी बघतोय. तेव्हाही बघत होतो.

"एक काच बोटभर उघडी ठेवतो," तो म्हणतो. "डोळ्याले धूर लागते."

इथे, याच ठिकाणी, मी तेव्हा बोललो होतो. आत्ता मी ओठ दाबून धरतो. पण ते माझे ओठ नाहीत, अडतीस वर्षांच्या यादवचे आहेत, आणि ते उघडतात.

"उघडी ठेवू नको रे बाबा! परवा पलीकडच्या मळ्यात बिबट्यानं बोटभर फटीतून पंजा घातला आणि माणसाचं पांघरूण ओढून नेलं. सात हात लांब! पांघरूण नव्हे, बिबट्या!"

खर्रकन काच लागते.

"खरं सांग," तोताराम म्हणतो. आता आम्ही दोघं गाडीच्या आत आहोत. काचेला केतकीच्या गाडीतला निळा पडदा दिसतो, समोर माझ्या मेटॅडोरचं जुनं स्टिअरिंग. घमेलं मधे लाल आहे. "मले नको सांगू, मले माहीत आहे. तिले सांगशील तसं सांग. पाहू जमते का."

"तोताराम गेला," मी सुरू करतो, "कारण त्या रात्री एक बिबट्या..."

खर्र. दुसरी काच.

"नऊ हात लांब..."

तिसरी.

"थांब, थांब, चुकलो. तोताराम गेला तो हसून. मी एक गोष्ट सांगितली आणि हसता हसता त्याचं हृदय..."

चौथी. ही सगळ्यांत जोरात लागते. ही गोष्ट मी त्याच्या बायकोला सांगितली होती, कमलवहिनींना. त्या अजून आहेत. दरवर्षी त्याच्या तिथीला मला जेवायला बोलावतात आणि पाहुण्यांना सांगतात, हे यादवभाऊजी, यांच्यामुळे आमचे हे हसत गेले. आणि मी वाटीभर खीर जास्त घेतो.

गाडीत हवा जड होतेय. वास काहीच नाही. दिसत काहीच नाही. नुसतं डोकं भरून येतं, कुणी आतून ओली गोधडी कोंबावी तसं. तोतारामचे गाल आणखी गुलाबी होतायत. तो भिंतीला टेकतो आणि खाली सरकायला लागतो.

"तोत्या, उठ."

"झोप येऊन राह्यली भो. चांगली झोप आहे. हेच त वाईट आहे तिच्यात. माणसाले काहीच कळत नही." तो जांभई देतो. "तिलेही नही कळणार. नवऱ्यालेही नही. दोघं एकमेकांले म्हणतीन, किती छान ऊब आहे."

मी काचेकडे धावतो. गाडी किती लांब झालीय! पलंग ओलांडतो, मोरी ओलांडतो, केतकीच्या चपला, तिचा डबा, भिंतीवर लावलेला तिचा नकाशा. काच सापडते. मी दोन्ही हातांची बोटं रबराच्या कडेत खुपसतो, ओढतो. हलत नाही.

"बोल ना," मागून तोताराम म्हणतो. आवाज पार तळातून येतोय. "ओढून नही उघडत ती."

"काय बोलू?"

"जे झालं ते. हातभर कमी नको, जास्ती नको."

मी तोंड उघडतो. घशात पाच-सहा बिबटे एकदम गर्दी करतात, लांब, आखूड, शेपटीचे, बिनशेपटीचे. त्यांना ढकलून मला बाहेर यायचंय. आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही.

"बिबट्या नव्हता," मी म्हणतो.

काच थरथरते.

"बिबट्या कधीच नव्हता. मी गंमत केली. तू घाबरलास आणि सगळ्या काचा लावल्यास. निखाऱ्यांनी तुझा जीव घेतला, आणि काचा माझ्या बोलण्यानं लागल्या. सकाळी मीच आधी दार उघडलं. घमेलं उचलून तापीत फेकलं, आणि मग ओरडलो. कुणाला कळू नये म्हणून."

काच सरकते. गार वारा तोंडावर येतो. मी मागे वळून बघतो, तोताराम दिसत नाही, नुसता त्याचा आवाज, आता जरा मोकळा:

"जमलं की! आता झाकणाची घे, बिनझाकणाची घे. पण पोरीले हे सांगून घे."

"आबा! आबा, ओरडताय काय?"

ऊन ओट्यावर तिरपं आलंय. कागद खाली पडलेत. केतकी समोर वाकून उभी आहे, एका हातात मोबाइल. "स्वप्न पडलं का? बरं, कुठली ठरली? दोन बर्नरची टाकू ना? ती आत टेबलावर छान बसते."

माझी मूठ आवळलेली आहे. उघडता उघडत नाही. ती हसत हसत माझी बोटं एकेक करून सोडवते. मुठीत बोटभर लांबीचा काळ्या रबराचा तुकडा आहे. उन्हानं तडकलेला, एका कडेला खाच असलेला. ओट्याला काचा नाहीत. या घरातल्या सगळ्या खिडक्या लाकडी आहेत.

"हे कशाचं?"

"खिडकीचं. गाडीच्या."

"कुठल्या गाडीच्या?" तिच्या ओठांच्या कडा आधीच वर जायला लागल्यात. आता आबा काहीतरी भन्नाट सांगणार. बिचारी जागा करून बसते, पाय खाली सोडून, लहानपणी बसायची तशी.

एक सुंदर उत्तर माझ्या जिभेवर येतं. विमानाचं आहे ते उत्तर, तुम्हालाही आवडलं असतं. मी ते गिळतो.

"माझ्या मेटॅडोरच्या," मी म्हणतो. "तोताराम वारके त्यात झोपला होता. हसत गेला नाही तो, केतकी. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. कमलवहिनींनासुद्धा."

ती हसायला जाते. माझ्याकडे बघते. अर्ध्यात थांबते. मग मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवते.

"मग कसा गेला?"

मी सांगतो. सात हात नाही, नऊ हात नाही. घमेलं, निखारे, चार काचा, आणि माझं तोंड. सगळं मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. आयुष्यातली माझी सगळ्यांत छोटी गोष्ट.

ती जवळ सरकते. मग हळूच विचारते, "कमलआजींना सांगणार?"

"उद्या सकाळी. तू चल बरोबर. एकटा गेलो तर वाटेत काहीतरी वाढवेन."

ती मान हलवते. तो रबराचा तुकडा तिनं केव्हाचा हातात घेतलाय, नकळत चोळतेय. तिच्या बोटांना काळं लागलंय. पदराला पुसू नकोस म्हणायला मी जातो, पण ती आधीच उठून, तसाच काळा हात घेऊन, अंगणात घरगाडीपाशी जाते आणि एकेक करून तिच्या सगळ्या काचा उघडते.