काळ्या पाच पट्ट्या आणि भाचीचं बारसं

मंडळी, आज घोडबंदर रोडला ताईकडे गेलेलो. भाचीचं बारसं होतं.

मी ठाकुर्लीत कीबोर्ड शिकवतो. त्यावरून भावजी कायम टोमणा मारतात, "काळ्या पाचच पट्ट्या दाबायच्या, चुकतच नाही. त्यात शिकवायचं काय?"

आज पाळण्याशेजारी ते स्वतःच कीबोर्ड वाजवायला बसले. पट्ट्या त्याच पाच, पण कुठे थांबता त्यावर मेजर की मायनर ठरतं, हसरं की रडकं. भावजी दर वेळी रडक्या पट्टीवरच थांबत होते. बायकांचं पाळण्याचं गाणं मध्येच बंद पडलं. भावजींची आईच म्हणाली, "अरे, बारसं आहे की दहावा?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी घुगऱ्या खात राहिलो.

नंतर ताई हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "एक पट्टी दाखवायची होतीस ना रे!"

म्हटलं, "पाचच तर आहेत. त्यात शिकवायचं काय?"

खरं सांगा, तुम्ही दाखवली असतीत?