दोन नंबर मोठे बूट

मुलाणी सुभेदार माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. रविवारी सकाळी एमआयडीसीमागच्या मोकळ्या रस्त्यावर पोरं जमली, की सत्तरीला टेकलेले हे पोरांचे चाचा उकिडवे बसून प्रत्येकाच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघायचे. "टाच हलतीया का? न्हाई? मग पळ!" स्वतः एका जागी कधी थांबले नाहीत. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे.

फौजेतली बरीच वर्षं त्यांनी बर्फात काढली होती. निवृत्त होऊन साताऱ्यात आले आणि इथल्या पोरांना लांब पल्ल्याचं स्कीइंग शिकवायचं खूळ डोक्यात घेतलं. साताऱ्यात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. म्हणून मग पायाला चाकांच्या स्की आणि हातात बगलेपर्यंत येणाऱ्या काठ्या. हे डोंगरावरून खाली घसरणं नव्हे. यात बूट स्कीला फक्त पुढून अडकवतात, बुटाची टाच मोकळी राहते आणि सपाटीवर मैलोन्मैल सरकत जायचं असतं. आम्हा पालकांना समजावताना त्यांचा धीर सुटायचा. "आवं, काठी मोडली तर दुसरी घावंल. बूट मापाचा आन् मोजा लोकरीचा, बास. सुती कायबी नगं. सुती भिजलं की वाळत न्हाई."

माझी शलाका तेव्हा नऊ वर्षांची. हिवाळ्यात पोरांना घेऊन हिमाचलात जायचं ठरलं. सुभेदारांनी कागदावर पावलं आखून मापं घेतली आणि मी शाळेत शिक्षिका म्हणून बूट मागवायचं काम माझ्याकडे दिलं. बाकीच्यांचे मी मापाचेच मागवले. शलाकाच्या वेळी हात आपोआप वळला. आमच्या घरी गणवेश, स्वेटर, चपला, सगळं वाढत्या अंगाचंच घेतात. दोन नंबर मोठे मागवले, टोकात कापूस दाबून भरला आणि "चाचांना सांगू नकोस" असं तिला बजावलं. निघताना सुभेदारांनी टोक दाबून पाहिलं. कापसामुळे ते भरलेलं लागलं.

पोरं तिथे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मला फोन आला. कापूस भिजून गार झाला होता आणि शलाकाची बोटं पांढरीफटक, बधिर पडली होती. सुभेदारांनी बर्फातच बसून तिचे बूट काढले, पावलं आपल्या उघड्या पोटाला लावली आणि वरून कोट गुंडाळून तासभर धरून ठेवली. बोटं वाचली, एका अंगठ्याचं नख गेलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "चाचा म्हणाले, चूक त्यांचीच होती."

पालकांची बैठक झाली. पोरंही पुढे बसली होती.

"बूट तपासायचं काम कुणाचं होतं?" एकानं आवाज चढवला.

"माझं," सुभेदार म्हणाले. "चुकलं माझं."

मी दोनदा उठायला गेले आणि पदर सावरून परत बसले. वर्गात रोज पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी मी! सुभेदारांचा स्कीचा वर्ग बंद करायचं ठरलं, तरी माझं तोंड उघडलं नाही.

चार दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांच्या घरी गेले. ते स्की पोत्यात भरत होते. संध्याकाळच्या गाडीनं फलटणला लेकीकडे कायमचे निघाले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय. कापूस मीच काढला की बुटातनं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"पोरगी समोर बसली व्हती." त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "आवं बाई, माझ्याकडं ती रविवारी यायची. तुमच्याजवळ रोज ऱ्हायाची हाय."

मला तिथे उभं राहवेना. घरी जाऊन शलाकाला समोर बसवलं आणि चूक माझ्या कापसाची होती, चाचांनी ती आपल्या अंगावर घेतली, हे काही न लपवता सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "चाचांची गाडी किती वाजता आहे?"

रिक्षानं स्टँडवर पोचलो तेव्हा फलटणची गाडी सुटलेली होती. रिकाम्या फलाटाशी शलाका बराच वेळ उभी राहिली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात सोडला, तो घरी येईपर्यंत परत धरला नाही.