भुंकत नाही, पळत नाही

प्रियदर्शनी मेश्रामच्या दारावर एक पाटी होती. ‘कुत्रा उपाशी नाही. अंगकाठीच तशी आहे. पोळी टाकू नये, सल्ला देऊ नये.’ अशी पाटी लिहायला नारायण पेठेतच जन्मावं लागतं असं काही नाही. भंडाऱ्याहून पाटबंधारे खात्याच्या नोकरीला आलेल्या माणसालाही इतकी वर्षं इथे काढली की जमतं.

पाटीचा उपयोग मात्र शून्य. वरच्या मजल्यावरच्या ललिताकाकू, म्हणजे घरमालकीणच, रोज सकाळी तूप लावलेली पोळी घेऊन खाली यायच्या. “पाटी वाचली मी. पण बरगड्या दिसतात गं त्याच्या.” तूप पचायचं नाही, कुत्र्याचं पोट बिघडायचं, आणि फरशी पुसायची प्रियदर्शनीने. बरं, हेच दयाळू तोंड दुसऱ्या वाक्याला म्हणायचं, “पाडव्यापर्यंत याची सोय लाव हो कुठेतरी. भाडं माणसांचं घेते मी.” आता या बाईशी भांडायचं तरी कुठल्या बाजूने?

कुत्र्याचं नाव रॉकेट. शर्यतीतला ग्रेहाउंड. जत्रांमधून ढाली जिंकलेला, आणि एका वळणावर पुढचा पाय मोडून घेतलेला. पाय वाकडा जुळला आणि रॉकेटचं काम संपलं. मालक हिंदुराव, सोलापूर रस्त्याला डाळिंबाची बाग असलेले. त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडून प्रियदर्शनीचा नंबर मिळवला. “लोक म्हनत्यात सोडून दे माळावर. मला काय हुईना,” एवढंच ते फोनवर बोलले. पळवताना बरं झालं तुमच्याकडून, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कुत्रा आधी हातात येऊ दे म्हणून तिने पत्ता विचारला आणि ती जाऊन त्याला घेऊन आली.

अशी चार-पाच कुत्री तिने आधी लोकांच्या घरी लावून दिली होती. त्यापेक्षा मुलींची लग्नं जमवणं परवडलं, असं ती ऑफिसात म्हणायची. तिचा नियम एकच. स्वतः ठेवायचं नाही. एक ठेवलं की पुढच्याला जागा नाही.

आणि रॉकेटला तर घर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. जन्म सगळा पिंजऱ्यात गेलेला. पंखा फिरला की तो पलंगाखाली. फरशीवर पाय घसरायचे म्हणून भिंतीला धरून चालायचा. हळूहळू शिकला, आणि मग जो झोपायला लागला तो दिवसभर, चारही पाय वर करून. पाडव्यापर्यंत घर मिळालं नाही तर त्याला गावाबाहेरच्या प्राणी-निवाऱ्यात ठेवावं लागणार होतं. तिथे पुन्हा पिंजराच.

पहिल्यांदा त्याला मांजरी गावच्या रणजितने नेलं. नवा बंगला, मागे ऊस, राखणीला कुत्रा हवा. “राखण करणार नाही तो,” असं तिने तीनतीनदा बजावलं होतं. महिना झाला नाही तोच रणजित त्याला गाडीत घालून हजर. “अहो मॅडम, चोर पाण्याची मोटर घेऊन गेले आणि हा शेपूट हलवत बसला. भुंकत नाही म्हणजे काय?” प्रियदर्शनी म्हणाली, “मोटर बरी चालत होती ना तुम्हाला? तीही भुंकत नसेल.” मग काय, रणजित रागावून निघून गेला.

नंतर आयटीतली शेफाली. तिला मॅरेथॉनच्या तयारीला जोडीदार हवा होता. “ग्रेहाउंड आहे ना, मग रनिंग तर करेलच ना?” पाय वाकडा आहे, पळवायचं नाही, असं सांगून झालं, शेफालीने मान डोलावून झाली, आणि आठवड्यात फोन. “ही इज सो लेझी, ताई. टेकडीवर नेला तर मध्येच बसला.” प्रियदर्शनी रिक्षा करून गेली. पाय सुजून टम्म झालेला. संतापाने तिने त्याला उचलून रिक्षात घातलं. शिकलेली माणसं, गोड बोलणारी माणसं, आणि ऐकायचं म्हणून कोणी ऐकत नाही.

पाडवा दोन दिवसांवर आला असताना दुपारी हिंदुरावांचा टेम्पो गल्लीत शिरला. मार्केट यार्डात डाळिंब उतरवून ते परत निघाले होते. “जाता जाता बघून जातो म्हनलं,” डाळिंबांची पिशवी उंबऱ्याशी टेकवत ते दारातूनच म्हणाले.

तो आवाज ऐकला आणि पलंगाखालून रॉकेट उठला. कोणासाठी कधी उठला नव्हता. तीन पायांवर पळत, घसरत, दारात धडकला आणि भुंकला. मग हिंदुरावांच्या धोतरात तोंड खुपसून लहान पोरासारखा कण्हत राहिला.

प्रियदर्शनी बघत राहिली. इतके दिवस सुजेवर शेक कोणी दिला? रात्री उशाशी कोण बसलं? आणि हा कोणासाठी भुंकतोय, तर ज्याने पाय मोडेपर्यंत पळवला त्याच्यासाठी. तिला त्या कुत्र्याचाही राग आला. मग ती म्हणाली, “घेऊन जा याला. तुमच्याकडेच बरा राहील.”

हिंदुरावांनी मान हलवली. “न्हाई ताई. धाकटा पोरगा अजून शर्यतीला जातो. पाय जरा बरा दिसला की ह्याला पळवील. माझं ऐकायचा न्हाई. मीबी कुणाचं ऐकलं नव्हतं.” त्यांनी रॉकेटचं तोंड अलगद बाजूला केलं, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि टेम्पो सुरू केला. डाळिंबांची पिशवी उंबऱ्याशीच राहिली.

थोड्या वेळाने ललिताकाकू जिन्यावरून उतरल्या. “टेम्पो दिसला. गेला का?” मग दाराकडे तोंड करून बसलेला रॉकेट त्यांना दिसला. “अगो बाई, आहेच का? भुंकत नाही, पळत नाही. याचा उपयोग तरी काय, सांग बघू.”

“काही नाही,” प्रियदर्शनी म्हणाली. “होता तेवढा सगळ्यांनी करून घेतला, काकू. आता त्याला नुसतं राहायचंय. तुम्हाला चालत नसेल तर पाडव्याला आम्ही दोघं खोली सोडतो.”

काकू वर गेल्या. परत आल्या त्या पोळी घेऊन, या वेळी कोरडी. रॉकेटने पोळीकडे बघितलंही नाही.

“खाईल उद्या,” काकू म्हणाल्या.

“उद्या ठीक आहे. परवाचं काय?”

“परवा गुढीजवळ फिरकू देऊ नकोस म्हणजे झालं.” आणि जिना चढता चढता, “ती पाटी काढ आधी. घर माझं आहे.”

प्रियदर्शनीने पाटी काढली. मग त्याचं अंथरूण पलंगाखालून ओढून दाराशी घातलं, कारण तो तिथून हलायला तयार नव्हता.