माळाची आई

लग्न होऊन आले, तेव्हा आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा काय दाखवलं असेल? घुबड! चांदीच्या नाण्यावरचं, डोळे वटारून बसलेलं घुबड. "अथेन्सचं आहे, अडीच हजार वर्षांपूर्वीचं," असं म्हणताना ह्यांचा चेहरा असा काही फुलला होता की नव्या नवरीकडे बघतानासुद्धा तितका फुलला नव्हता. मी म्हटलं, "असेल. पण लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते येणार नाही."

हे म्हणजे माधवराव, पाटबंधारे खात्यातले कारकून. चारचौघांत आवाज न चढवणारे, रिक्षावाल्याशीसुद्धा 'आपण' म्हणून बोलणारे. पण ग्रीक नाणं म्हटलं की संपलंच. त्या नाण्यांपायी माझं शिवणयंत्र किती दिवाळ्या लांबलं, ते मी अजून विसरलेले नाही. नाणी ठेवायला ह्यांनी लाकडी खण करून घेतला होता, आत लाल मखमल आणि प्रत्येक नाण्यासाठी कोरलेली गोल खाच. त्यातली एक खाच कायम रिकामी असायची. ती मिनँडरची. हा ग्रीक राजा काबूल-पंजाबकडे राज्य करायचा. त्याची नाणी मुंबईत लिलावाला यायची, नाही असं नाही. पण ह्यांचा हट्ट असा की मिळावं ते आपल्या मातीत सापडलेलं मिळावं. "भडोचच्या बंदरात ती चालायची, पद्मजा. एखादं तरी घाट चढून इकडं आलंच असेल ना?" मी म्हणायचे, "आलं असेल, पण तुमचा पत्ता विचारत येणार आहे का?"

त्यासाठी हे ऑफिस सुटलं की रविवार पेठेत श्यामसुंदर सोनाराच्या दुकानात जाऊन बसत. जुनी चांदी मुशीत वितळण्याआधी ह्यांच्या नजरेखालून जायची. वर्षानुवर्षं तुटकी पैंजणं आणि चेपलेल्या वाट्या बघून झाल्या. श्यामसुंदर चहा पाजायचा आणि म्हणायचा, "काका, आज पण राजा आला नाही."

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. निरांजनाची दांडी तुटली म्हणून त्या दिवशी मीही बरोबर होते. बिबवेवाडीच्या मुक्ताबाई आपल्या मुलाला, संभाजीला घेऊन आल्या. रानाचे प्लॉट पडून तिथं बंगला उभा राहिला होता, दोन दिवसांवर वास्तुशांत होती, आणि देव्हाऱ्यातले चांदीचे टाक झिजून त्यांचे नाकडोळे पुसट झाले होते. असे टाक वितळवून त्याच चांदीत नवे घडवायचे, म्हणजे देव तोच राहतो, अशी रीत. मुक्ताबाईंनी फडक्याची गाठ सोडली. खंडोबा, भैरोबा, वीर. श्यामसुंदरनं ते एकेक करून मुशीत ठेवले. शेवटी चार आण्याएवढी एक गोल चकती निघाली, हळदीकुंकवानं माखलेली.

"थांबा!"

मी दचकून बघितलं. ओरडले होते हे. संसारात पहिल्यांदा ह्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू गेला असेल.

ह्यांनी चकती उचलून भिंगाखाली धरली. ओल्या फडक्यानं ह्यांनी अलगद कुंकू टिपलं. एक बाई दिसू लागली. एका हातात ढाल, दुसरा हात वज्र फेकायला उगारलेला, भोवती जुन्या खरोष्ठी लिपीतली अक्षरं. हातांनी झिजली होती, पण उभी होती. मग ह्यांनी चकती उलटली, आणि अगं बाई! मागं एक तरुण पुरुष, कपाळाला पट्टा, सरळ नाक, जणू काल टाकसाळीतून निघालेला. तीन-चार पिढ्या तो देव्हाऱ्यात पालथा निजून होता. ह्यांनी ग्रीक अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वाचलं, "राजा, तारणहार, मिनँडर." माझ्याही अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगू?

"आमच्या आजेसासऱ्याला नांगरताना माळावर घावली," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमी माळाची आई म्हंतो. पर ह्यो मागला बाप्या कोन?"

ह्यांनी सगळं सांगितलं. राजा, त्याचं राज्य, बहुतेक कुणा व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून घाट चढलेलं हे नाणं. संभाजी ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजे देवी न्हाईच का ही? नानंच हाय? मग काका, तुमीच ठेवा. देव्हाऱ्यात नानं कशाला? आमी नवी आई घडवतो."

झालं. फळ आपण होऊन ओंजळीत पडलं होतं. मला तर मखमलीची खाच भरलेली दिसायला लागली. मनात म्हटलं, अहो, बोला एकदाचं 'हो' आणि चला घरी!

पण मुक्ताबाई संभाजीकडे बघतच नव्हत्या. ह्यांच्याकडे बघत होत्या. चेहरा उतरला होता. "साहेब, खरं सांगा. आमी इतकी वर्सं हात जोडले, ते कुनाला? आई हाय का न्हाई ही?"

ह्यांनी नाण्याकडे पाहिलं. आयुष्यभर जे मागितलं ते तळहातावर होतं, आणि नुसतं 'नाही' म्हटलं की कायमचं ह्यांचं होतं.

"आई," हे मुक्ताबाईंना म्हणाले, "ही देवीच आहे. अथीना तिचं नाव. लोकांची राखण करणारी. त्या राजाचीही ही देवी होती. पद्मजा, आपल्या घुबडाची मालकीण ही!" मग परत मुक्ताबाईंना, "तिच्या स्वतःच्या गावात तिचं देऊळ आहे, पण नुसते खांब. दिवा नाही, नैवेद्य नाही. माझ्या माहितीत सबंध जगात तिला रोजचं हळदीकुंकू मिळतं ते फक्त तुमच्या घरी. हिला वितळवू नका. माझ्याकडेही देऊ नका. माझ्याकडे ती कपाटात पडेल."

मुक्ताबाईंनी नाणं ह्यांच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवलं. संभाजीला म्हणाल्या, "बाकीचे नवे कर. हिला हात लावायचा न्हाई."

वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं होतं. चकचकीत देव्हाऱ्यात नव्या टाकांच्या मधोमध माळाची आई, पुढं पुरणपोळीचा नैवेद्य. कुठलं अथेन्स आणि कुठली बिबवेवाडी! देवपूजा जन्मभर माझ्यावर सोपवून पेपर वाचणारे हे तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान ह्यांना नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी खण काढला. मुक्ताबाईंनी कागदाच्या पुडीत कुंकू दिलं होतं. ते चिमटीनं रिकाम्या खाचेत ठेवलं आणि म्हणाले, "पुरा झाला संग्रह."

मी निरांजन आणून त्या खणापुढं लावलं. आमच्या घरात असं फारसं होत नाही.