शाफ्टवरची खूण

येरवड्यात पिकअपच्या शाफ्टचं काम म्हटलं की पंचवीस वर्षं एकच नाव निघायचं, महिपती मिस्त्रीचं. गिअर टाकला की खालून टण्ण आवाज येतो, चाळीसच्या पुढे गाडी थरथरते, मग न्या तिला महिपतीकडे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा, त्याचं दुखणं महिपती नुसत्या कानानं ओळखायचा. वर्ध्याकडून आलेला माणूस, बोलणं बेताचं. गॅरेज उघडलं की आधी दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती, मग पान्याला हात.

गेल्या वर्षी रस्त्याच्या पलीकडे सुदर्शननं गॅरेज टाकलं.

सुदर्शन परका असता तर एक वेळ चाललं असतं. पण दहा वर्षं दोघं एकाच मालकाकडे होते, एका गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडून काम केलेले, एका डब्यातलं जेवलेले. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस ठोकून कसा काढायचा हे सुदर्शनला शिकवलं महिपतीनंच. आता त्याच सुदर्शनकडे शाफ्ट फिरवून तोल बघायचं मशीन होतं, खाली फरशी होती, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या होत्या. महिपती दारात स्टूल टाकून समोरच्या गाड्या मोजायचा. तीन दिसल्या की चहा कडू लागायचा, पाच दिसल्या की घशाखालीच उतरायचा नाही. कोणी मशीनचं कौतुक केलं तर म्हणायचा, "मशीन उत्तम आहे. चालवायला माणूसही मिळेल कधीतरी."

नवरात्रातल्या अष्टमीला यमुनाबाईंची पिकअप आली. बाईंचा मंडईत भाजीचा गाळा, आणि ही गाडी घेतल्यापासून महिपतीच्याच हाताखालची. ती वळताना दिसली तसा तो जागा करायला उठला. गाडी समोर वळली. बाईंनी तिकडूनच हात केला आणि सांगितलं, या वेळी मशीनवर बघू म्हटलं. महिपती हसला आणि पुन्हा स्टुलावर बसला. त्या हसण्यानं त्याचे गाल दुखले.

त्या दिवशी त्याचं अर्धं लक्ष रस्त्यापलीकडेच होतं. सुदर्शननं शाफ्ट उतरवला. त्याचे दोन तुकडे दात्यांमध्ये एकमेकांत बसतात. ते होते तसेच परत बसावे लागतात, चार दाते इकडेतिकडे झाले तरी गाडी हलते. म्हणून सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खूण करायची असते. महिपती पंच ठोकून खूण करी. सुदर्शननं खडूची रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, धुऊन पुसून पूजा करायची. सुदर्शन हार आणायला गेला होता आणि त्याची बायको पूर्णिमा एकेक पाना डिझेलनं घासत होती. लोखंड म्हणून दिसलं ते सगळं तिनं धुतलं, शाफ्टचे दोन्ही तुकडेसुद्धा. बिचारीनं मनापासून चकचकीत केले, पाटावर मांडले, कुंकू लावलं. खडूची रेघ कधीच गेली होती.

महिपतीनं हे डोळ्यांनी पाहिलं. "वहिनी, खूण राहू द्या," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही. मग त्याला खुर्च्या दिसल्या, यमुनाबाईंचा तो हात दिसला, आणि तो पाठ फिरवून स्वतःच्या पूजेला बसला. पान्यांना हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले. दरवर्षी तो हाताला यश मागायचा. यंदा त्यानं समोरच्याला अपयश मागितलं. मागून झाल्यावर तसबिरीकडे बघायचं त्यानं टाळलं.

दसऱ्याला उजाडताच बाईंना झेंडू आणायला गाडी हवी होती. सुदर्शननं घाईघाईत अंदाजानं तुकडे बसवले आणि शाफ्ट चढवला.

दोन दिवसांत पिकअप त्याच्याकडे परत आली. सुदर्शननं मशीनवर नुसता तोल बघितला, दाते तसेच राहिले. मग मधलं बेअरिंग नवं टाकलं. गाडी हलायची ती हललीच. महिपतीच्या घशाखाली त्या दिवशी चहा छान उतरला.

चौथ्या दिवशी गाडी महिपतीच्या दारात उभी राहिली. कात्रजच्या उतारावर माल भरलेली असताना ती अशी हादरली होती, की ड्रायव्हरनं कशीबशी कडेला घेतली. शाफ्ट रस्त्यावर गळून पडला असता तर काय झालं असतं, हे महिपतीला कोणी सांगायला नको होतं.  बाईंकडे न बघता तो गाडीखाली शिरला.

अर्ध्या तासाचं काम. शाफ्ट उतरवला, तुकडे सोडवले, दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे कान एका ओळीत आणून पुन्हा बसवले. बाईंबरोबर चक्कर मारली. गाडी पाण्यासारखी गेली.

"झाली की हो," बाई म्हणाल्या. "सुदर्शन म्हणत होताच."

"काय म्हणत होता?"

"म्हणाला, माझ्याकडून होत नाही, महिपतीदादांकडे न्या. शाफ्टमधलं त्यांच्याइतकं पुण्यात कोणाला कळत नाही. मी तर संकोचानं येणारच नव्हते."

चार दिवस ज्या सुखाची वाट पाहिली ते हातात आलं, आणि त्याला चवच नव्हती. उलट नवीनच आग लागली. आजवर मशीन सुदर्शनकडे होतं. आता मोठेपणाही त्याच्याकडेच गेला.

बाई गेल्यावर महिपती बराच वेळ हात पुसत राहिला. मग वर्षभरात पहिल्यांदाच रस्ता ओलांडून पलीकडे गेला. सुदर्शन एका गाडीखाली होता.

"खडूनं खूण करत जाऊ नकोस," महिपती वाकून म्हणाला. "नवमीला वहिनींनी धुतली. मी बघत होतो."

खालचा पाना थांबला.

"बघत होतास?"

"हो."

"आणि गाडी गेली तेव्हा?"

"तेव्हाही."

पाना पुन्हा फिरू लागला. मग खालून आवाज आला, "वहिनी वहिनी करू नकोस आता. आणि उजेडातून बाजूला हो."

महिपती बाजूला झाला. निघून जा असं तो म्हणाला नव्हता, म्हणून तिथेच उभा राहिला. कोपऱ्यातल्या मशीनकडे नजर गेली तेव्हा तीच जुनी आग पुन्हा लागली. त्यानं मनातल्या मनात दत्ताचं नाव घेतलं आणि नजर मुद्दाम खाली, सुदर्शनच्या पायांवर ठेवली.