चौपट ठेवू की नऊपट?

मंडळी, पंचाहत्तर साली आमच्या एअरगनची नळी वाकवताना होणारा 'खटाक्' अजून कानात आहे. तेव्हा नेम नुसत्या डोळ्यानं धरायचो.

पेरणीसाठी मागच्या खोलीत राखलेल्या ज्वारीत उंदीर शिरलेत, म्हणून आज थोरल्यानं सात रस्ता चौकातल्या दुकानातून बंदुकीवर बसवायच्या दोन दुर्बिणी आणल्या. एक कायमची चौपट, दुसरी तीनपासून नऊपट फिरणारी. ठेवायची एकच.

"खोली ती केवढी! चारवालीच बास की," ही म्हणाली.

पण शाळेतल्या कवितांनी मला सगळं जवळून पाहायची सवय लावलेली! बंदुकीवर न चढवताच फिरणारी डोळ्याला लावली, थेट नऊवर नेली. उंदीर समोरून पळाला. मला शेपूटही सापडेना.

तुम्ही कोणती ठेवली असती?

इतक्यात दार वाजलं. तसाच वळलो, तर काचभर धुकट, पांढरी मिशी!

"अवो व्याहीबुवा, हितंच हाय की मी! कुणाला हुडकताय?"

अक्कलकोटचे व्याही, न कळवता आलेले.