लिंबू चोळून उन्हात

मला उन्हाची ॲलर्जी आहे. उघड्या हातांवर जरा वेळ ऊन पडलं की लाल पुरळ उठतं, रात्रभर खाजतं, आणि डाग आठवडाभर जात नाहीत. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमधून मी बाजाराला निघते ती पूर्ण बाह्या, हातमोजे, स्कार्फ, छत्री आणि तोंडाला क्रीमचा पांढरा थर अशा थाटात. ढगाळ दिवशीसुद्धा, कारण ढगांमुळे किरणं अडत नाहीत हे डॉक्टरांनी बजावलंय. भाजीवाला विचारतो, "भाभी, डाका डालने जा रही हो क्या?" त्याचा मला कधी राग आला नाही. तो निदान माझ्या हातातली पिशवी न कचरता घेतो.

राग आहे तो मोठ्या जावेचा. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. माझं पुरळ तिने पहिल्यांदा पाहिलं आणि रत्नागिरीपासून विरारपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पसरवलं, की धाकटीला कसलीतरी लागण आहे. मी कितीदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग हळदीकुंकवाला बायका माझं बोट कपाळापर्यंत येऊ देईनात. "राहू दे, माझं मी लावते," म्हणत आणि हसत हसत करंडा स्वतःकडे ओढत. आमच्यात अशा बाईला कोणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त पुढच्या वेळी बोलावत नाही.

तिच्या मुलाच्या लग्नात घाणा भरायला, म्हणजे उखळात पहिली हळद कुटायला, पाच सवाष्णी बसल्या. मी नवऱ्या मुलाची सख्खी काकू. मला मागे पंख्याखाली खुर्ची दिली. "तुला त्रास नको गं," जाऊ म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, हिलाही एकदा असंच मागे बसवायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

हळद चेणे गावातल्या एका फार्महाऊसच्या लॉनवर होती, भर उन्हात, कारण फोटोग्राफरला नैसर्गिक उजेड हवा होता. सगळ्या पिवळ्या साड्या आणि बिनबाह्यांचे ब्लाउज. हळद लावून झाली आणि जावेला आठवलं, की उद्याच्या मेकअपला पिवळे हात चालणार नाहीत. तिने सरबताच्या टेबलावरच्या लिंबाच्या फोडी उचलल्या आणि लॉनवरच खुर्ची टाकून कोपरापर्यंत चोळत बसली.

लिंबाचा रस लावून उन्हात बसलं की कातडी भाजते. ॲलर्जी असो नसो, कुणाचीही भाजू शकते. उन्हाबद्दल मला नाइलाजाने बरंच काही माहीत करून घ्यावं लागलंय. मी छत्री उघडून तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "ताई, ते धुवा आणि सावलीत या. भाजेल."

"काय नाय होत," ती म्हणाली. "मी काय तुझ्यासारखी नाजूक नाय."

बाजूच्या बायका हसल्या. मी परत येऊन सावलीत बसले. दुसऱ्यांदा सांगायला माझं काही अडलं नव्हतं.

लग्नात हात नुसते लालसर होते, बांगड्यांत खपून गेले. सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत मात्र दोन्ही हातांवर फोड आले आणि रस ओघळला होता तिथे तिथे काळपट पट्टे उठले. ती नणंदेला कुंकू लावायला पुढे झाली, तशी नणंद मागे सरकली. मग कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली. धाकटीचं हिला लागलं. मी ऐकलं. तिनेही ऐकलं.

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. रडवेली झाली होती. "तू सांग ना त्यांना. लिंबाने झालंय, लागण नाय. तुला माहितीये यातलं, तुझं ऐकतील."

सांगण्यात माझाही फायदा होता. तिच्या हातांना लागण नाही म्हटल्यावर माझ्याही हातांचा विषय निघाला असता, आणि सगळ्या बायका आयत्या समोर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत अशी संधी आली नव्हती आणि पुन्हा येईल असंही नाही. पण तिचं ते तोंड बघून मला इतकं बरं वाटत होतं, की माझं नाव खराब राहिलं तर राहू दे, असं झालं.

"मी काय सांगणार, ताई?" मी म्हटलं. "माझ्या हातचं कुंकू तरी घेतं का कोणी?"

बाहेर आरती सुरू झाली. आम्ही दोघी जाऊन मागच्या भिंतीपाशी उभ्या राहिलो आणि आमच्या आजूबाजूच्या बायका हळूहळू पुढे सरकल्या. आरती झाल्यावर तबक सगळ्यांपुढे फिरलं आणि आमच्या अलीकडूनच परत गेलं. मला त्याची सवय होती. ती मात्र दोन्ही हात पुढे करून उभीच राहिली.